बेडूक, भेक आणि स्वतः वाचू लागलेले मूल

अक्षरे जुळवता येऊ लागली म्हणजे मूल वाचू लागले, अशी मोठ्यांची समजूत असते. प्रत्यक्षात त्यानंतर एक अवघड टप्पा येतो. साधारण सहा ते आठ या वयात मुलाला शब्द उलगडता येतो, पण वाक्याच्या शेवटाशी पोहोचेपर्यंत त्याची सुरुवात निसटलेली असते. मोठ्यांनी वाचून दाखवलेल्या लांब गोष्टी त्याला समजतात. स्वतःच्या बळावर मात्र चार ओळींतच दम लागतो. समजण्याची झेप मोठी आणि वाचण्याची पावले लहान, अशी ही ओढाताण असते. याच काळात हाती आलेले पुस्तक कंटाळवाणे निघाले, तर वाचन म्हणजे शाळेतील आणखी एक काम, ही समजूत पक्की होते आणि पुढे ती सहजासहजी सुटत नाही.

या टप्प्यासाठी जगभर एक स्वतंत्र बालवाङ्मयप्रकार विकसित झाला आहे. चित्रपुस्तक मोठ्यांनी वाचून दाखवण्यासाठी असते, बालकादंबरी सराईत वाचकासाठी. या दोहोंच्या मध्ये बसणारी ही छोट्या प्रकरणांची, मोठ्या अक्षरांची आणि थोड्या शब्दांची पुस्तके होत. त्यांतील सर्वांत टिकाऊ शाखा प्राण्यांच्या मैत्रीच्या विनोदी गोष्टींची आहे. दोन मित्र, एक क्षुल्लक अडचण आणि खूप हसू, एवढ्या सामग्रीवर उभी असलेली ही पुस्तके कशी घडली, ती का परिणामकारक ठरतात आणि मराठी वाचणाऱ्या मुलांसाठी त्यांची निवड कशी करावी, याचा हा आढावा.

१९५७ : एका वर्षातील दोन पुस्तके

या प्रकाराचा आरंभ अमेरिकेत झाला. तेथील प्राथमिक वाचनपुस्तके नीरस आहेत आणि मुले वाचनापासून दूर जाण्याचे ते एक कारण आहे, अशी टीका लेखक जॉन हर्सी यांनी १९५४ मध्ये 'लाइफ' नियतकालिकात केली. पुढच्याच वर्षी रुडॉल्फ फ्लेश यांचे 'व्हाय जॉनी कान्ट रीड' हे पुस्तक गाजले. या वादळातून १९५७ मध्ये दोन महत्त्वाची पुस्तके आली. पहिले डॉ. स्यूस यांचे 'द कॅट इन द हॅट'. शालेय शब्दसूचीच्या मर्यादेत राहून लिहिलेल्या या पुस्तकात अवघे २३६ वेगवेगळे शब्द आहेत.

दुसरे 'लिटल बेअर'. त्याच्या लेखिका एल्स होल्मलुंड मिनारिक या डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या आणि बालपणीच अमेरिकेत आलेल्या शिक्षिका. पहिलीच्या वर्गाला शिकवताना, नुकत्याच वाचू लागलेल्या मुलांच्या हाती देण्याजोगे काही नाही, ही उणीव त्यांना जाणवत होती. मॉरिस सेंडाक यांनी चित्रे काढलेल्या या पुस्तकाने 'हार्पर' प्रकाशनाची 'आय कॅन रीड' ही माला सुरू झाली. संपादक होत्या उर्सुला नॉर्डस्ट्रॉम.

दोन्ही पुस्तकांचा उद्देश एक असला तरी मार्ग निराळे होते. स्यूस यांनी यमक आणि गोंधळ यांचा आधार घेतला. मिनारिक यांनी घर आणि आपुलकी यांचा. अस्वलाच्या पिल्लाला वाटते, आई आपला वाढदिवस विसरली. ते स्वतःच सूप शिजवायला घेते, कोंबडी, बदक आणि मांजर पाहुणे म्हणून येतात आणि शेवटी आई केक घेऊन हजर होते. गोष्ट एवढीच आहे. पण तिच्यात काळजी आहे, विनोद आहे आणि दिलासा आहे. थोड्या शब्दांत खरी भावना मावते, हे या पुस्तकाने दाखवून दिले. पुढे याच मालेत या प्रकाराचा उत्कर्षबिंदू मानली गेलेली पुस्तके प्रसिद्ध झाली.

आर्नल्ड लोबेल यांची जोडी

आर्नल्ड लोबेल यांचा जन्म १९३३ चा. त्यांचे बालपण न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथे आजी-आजोबांकडे गेले. आजारपणामुळे शाळा बुडत असे आणि परतल्यावर वर्गमित्रांना गोष्टी सांगून ते त्यांच्यात आपले स्थान मिळवत. पुढे चित्रकलेचे शिक्षण घेऊन ते बालपुस्तकांकडे वळले. 'फ्रॉग अँड टोड आर फ्रेंड्स' हे त्यांचे पुस्तक १९७० मध्ये आले. त्यापाठोपाठ 'फ्रॉग अँड टोड टुगेदर' (१९७२), 'फ्रॉग अँड टोड ऑल इयर' (१९७६) आणि 'डेज विथ फ्रॉग अँड टोड' (१९७९) ही तीन पुस्तके आली. चार पुस्तके, प्रत्येकात पाच गोष्टी, एकूण वीस गोष्टी, एवढाच हा संसार आहे. पहिल्या पुस्तकाला चित्रांसाठीच्या कॅल्डेकॉट सन्मानयादीत, तर दुसऱ्याला लेखनासाठीच्या न्यूबेरी सन्मानयादीत स्थान मिळाले. नवशिक्या वाचकांसाठीच्या पुस्तकाचा लेखनाच्या अंगाने असा गौरव क्वचितच होतो.

नायक दोघेच : हिरवा, उंच, शांत बेडूक आणि तपकिरी, बुटका, चिडखोर भेक. मराठी बोलण्यात दोघांनाही आपण बेडूकच म्हणतो. जीवशास्त्राच्या पुस्तकात मात्र ओलसर, गुळगुळीत कातडीचा आणि लांब उड्या मारणारा तो बेडूक, तर कोरड्या, खडबडीत कातडीचा आणि बहुतेक काळ जमिनीवर राहणारा तो भेक, असा भेद केला जातो. लोबेल यांनी हाच शरीरभेद स्वभावात उतरवला आहे.

एका गोष्टीत भेकाच्या कोटाचे बटण हरवते. दोघे मित्र रान पालथे घालतात. बटणे पुष्कळ सापडतात, पण एकही त्याचे नसते आणि प्रत्येक नव्या बटणासोबत भेकाचा पारा चढत जातो. घरी परततो तर बटण तेथेच जमिनीवर पडलेले. मित्राला दिलेल्या त्रासाची लाज वाटून तो सापडलेली सारी बटणे कोटावर शिवतो आणि तो कोट बेडकाला भेट देतो. दुसऱ्या गोष्टीत भेक दिवसभरातील कामांची यादी करतो. वाऱ्याने यादी उडते, पण तिच्यामागे धावणे हे काम यादीत लिहिलेले नसल्यामुळे त्याला धावता येत नाही.

तिसऱ्या गोष्टीत भेकाला कधीच कोणाचे पत्र येत नाही म्हणून बेडूक गुपचूप पत्र लिहितो आणि पोहोचवण्यासाठी गोगलगायीच्या हाती देतो. वाट पाहून भेक कंटाळतो, तेव्हा बेडकाला पत्रातील मजकूर सांगूनच टाकावा लागतो. तरीही दोघे दारात बसून चार दिवस त्या पत्राची वाट पाहतात. आणखी एका गोष्टीत शरद ऋतूत दोघेही एकमेकांच्या नकळत दुसऱ्याच्या अंगणातील पाने गोळा करून ठेवतात. वारा येऊन दोन्ही ढीग विस्कटून टाकतो. केलेले काम वाया गेले हे दोघांनाही कळत नाही आणि मित्राला किती आनंद झाला असेल, या समाधानात दोघेही झोपी जातात.

या विनोदाखाली एक हळवी, किंचित एकाकी छटा सतत जाणवते. लोबेल यांनी १९७४ मध्ये आपण समलिंगी असल्याचे कुटुंबीयांना सांगितले. या पुस्तकांतून त्या उलगड्याची सुरुवात झाली असावी, असे त्यांची कन्या एड्रिएन यांनी पुढे म्हटले. १९८१ मध्ये 'फेबल्स' या पुस्तकासाठी लोबेल यांना कॅल्डेकॉट पदक मिळाले आणि १९८७ मध्ये, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, एड्सशी संबंधित आजाराने त्यांचे निधन झाले. मालिकेतील शेवटच्या गोष्टीत बेडूक एकटा बसायला निघून जातो आणि आपले काही चुकले का, या धास्तीने भेक कासवाच्या पाठीवरून त्याला शोधत जातो. बेडूक दुःखी नसतो. आपल्याला असा मित्र आहे, या आनंदाचा निवांत विचार करायला तो गेलेला असतो. जवळच्या माणसालाही कधी एकांत हवा असतो आणि त्याचा अर्थ दुरावा नव्हे, ही गोष्ट मोठ्यांनाही उशिरा समजते. येथे ती सात वर्षांच्या मुलाला वाचता येईल अशा शब्दांत आली आहे.

हसू कोठून येते

या पुस्तकांतील विनोद शब्दांच्या कसरतीवर अवलंबून नाही. त्याचे मर्म असे की, वाचणाऱ्या मुलाला पात्रापेक्षा थोडे अधिक माहीत असते. गोगलगायीच्या हाती पत्र दिले आहे हे मुलाला ठाऊक असते, भेकाला नसते. यादीमागे धावायला हरकत नाही हे मुलाला कळते, भेकाला कळत नाही. वाचायला शिकणारे मूल दिवसभर अशा स्थितीत असते की, इतर सर्वांना त्याच्यापेक्षा अधिक येते. वर्गात शेजारचा भरभर वाचतो, घरी मोठे भावंड चूक दाखवते. अशा मुलाला पुस्तकाच्या पानावर प्रथमच आपल्याहून गोंधळलेला कोणीतरी भेटतो, आणि तो गोंधळ त्याने स्वतः वाचून ओळखलेला असतो. ते हसू म्हणजे त्याच्या वाचनाला मिळालेली पावती असते. विनोद समजला याचा अर्थ वाक्य समजले. वेगळी परीक्षा घ्यावी लागत नाही.

दोन मित्रांच्या जोडीचाही असाच उपयोग होतो. दोघेच असल्याने कोण बोलत आहे हे लक्षात ठेवणे सोपे जाते. गोष्ट संवादातून पुढे सरकते, त्यामुळे वाक्ये आपोआप लहान राहतात. स्वभाव विरुद्ध असल्याने पुढे काय होईल याचा अंदाज बांधता येतो, आणि अंदाज बांधता येणारे मूल अडलेला शब्दही ओलांडून जाते.

पाणघोडे, हत्ती आणि डुकरीण

जेम्स मार्शल यांनी १९७२ मध्ये 'जॉर्ज अँड मार्था' ही दोन पाणघोड्यांची जोडी आणली आणि १९८८ पर्यंत त्यांची सात पुस्तके झाली. पहिल्याच गोष्टीत मार्थाने केलेले वाटाण्याचे सूप जॉर्जला मुळीच आवडत नाही. तिचे मन दुखवू नये म्हणून तो ते गुपचूप आपल्या बुटात ओततो आणि पकडला जातो. मित्राशी खरे बोलावे, हे सांगायला मार्शल यांना उपदेशाचे वाक्य लांबवावे लागत नाही. सूपाने भरलेले बूट पुरेसे असतात.

मो विलेम्स यांची 'एलिफंट अँड पिगी' ही २५ पुस्तकांची माला २००७ ते २०१६ या काळात आली. जेराल्ड हा चिंताग्रस्त हत्ती आणि पिगी ही उत्साही डुकरीण. येथे निवेदन जवळजवळ नाहीच. सारी गोष्ट फुग्यांतील संवादांत घडते. हत्तीच्या संवादाचा फुगा करडा, डुकरिणीचा गुलाबी. त्यामुळे 'तो म्हणाला', 'ती म्हणाली' हे वाचावेही लागत नाही. अक्षरांचा लहान-मोठा आकार आवाजाची पट्टी दाखवतो. दोन मुलांनी दोन पात्रे वाटून घेऊन वाचावे, अशीच ही रचना आहे. नवशिक्या वाचकांसाठीच्या उत्कृष्ट पुस्तकाला अमेरिकन ग्रंथालय संघटनेकडून २००६ पासून दिला जाणारा थिओडोर स्यूस गायझेल पुरस्कार या मालेने २००८ आणि २००९ असा सलग दोनदा मिळवला.

प्राणीच का?

प्राण्यांच्या मैत्रीची कथा आपल्याकडे नवी नाही. पंचतंत्राच्या दुसऱ्या तंत्राचे नावच मित्रसंप्राप्ती. कावळा, उंदीर, कासव आणि हरिण यांच्या त्या कथेत उंदीर जाळे कुरतडून मित्राला सोडवतो. पण तेथील मैत्री संकटात पारखली जाते आणि कथेचा रोख व्यवहारनीतीकडे असतो. पहिल्या तंत्रात तर सिंह आणि बैल यांची मैत्री कोल्हे कसे मोडतात, हाच विषय आहे. बेडूक आणि भेक यांच्या जगात शिकारी नाही, कपट नाही. हरवले तर बटण हरवते. संकट लहान असल्यामुळे सारे लक्ष मैत्रीतील बारकाव्यांवर राहते : रुसवा, लाज, वाट पाहणे, माफी मागणे. सहा-सात वर्षांच्या मुलाचे सामाजिक जग नेमके याच गोष्टींनी भरलेले असते.

प्राणी निवडल्याने आणखी एक सोय होते. बेडकाचे वय काय, तो कोणत्या शाळेत जातो, त्याच्या घरची स्थिती कशी, हे प्रश्न उद्भवत नाहीत. तो स्वतंत्र घरात राहतो, चहा करतो, बागकाम करतो. रुसतो मात्र लहान मुलासारखा. त्यामुळे पणजीतील मूल असो वा सत्तरीतील, त्याला त्या घरात शिरायला अडचण येत नाही.

मराठीत आणताना

इंग्रजीतील अशा पुस्तकांचे शब्दशः भाषांतर करून मराठी मुलाच्या हाती दिले, तर बहुधा ते अवघड ठरते. याचे कारण भाषेच्या घडणीत आहे. 'झाडाखाली' हे इंग्रजीत तीन छोट्या, सुट्या शब्दांत सांगितले जाते आणि ते तिन्ही शब्द मुलाला पाठ असतात. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला चिकटतात. 'झाडाखालच्या', 'घराजवळून' असे लांब शब्द तयार होतात. शिवाय मूळ शब्दाचे रूपही बदलते. 'बेडूक' ओळखणाऱ्या मुलासमोर पुढच्याच ओळीत 'बेडकाला' येते आणि ओळखीचा 'डू' नाहीसा होतो. उंदीर 'उंदराला' होतो, ससा 'सशाला' होतो. याउलट हत्ती 'हत्तीला' आणि कासव 'कासवाला' एवढ्यावर थांबतात. पहिल्या पुस्तकांचे नायक निवडताना लेखकांनी ही बाब ध्यानात घेतली, तर मुलांचे श्रम वाचतील.

जोडाक्षरे टाळून पुस्तके लिहावीत, असा एक आग्रह असतो. पहिल्या काही दिवसांसाठी तो योग्य आहे. पण 'मित्र', 'मैत्री', 'गोष्ट', 'पुस्तक' या शब्दांतच जोडाक्षरे आहेत आणि संवाद आला की 'म्हणाला' येतोच. जोडाक्षरांपासून पळणारी भाषा लवकरच कृत्रिम होते. त्यापेक्षा तेच मोजके शब्द पुनःपुन्हा येऊ देणे अधिक उपयोगाचे. पाच पानांत 'म्हणाला' दहा वेळा आला की सहाव्या पानावर तो फोडून वाचावा लागत नाही.

प्राण्यांची नावे आणि लिंगे हाही नाजूक मुद्दा आहे. मराठीत हत्ती पुल्लिंगी, खार स्त्रीलिंगी, मांजर नपुंसकलिंगी. 'डुक्कर' हा शब्द शिवीसारखाही वापरला जातो. पिगीला मराठीत आणणाऱ्याला तिच्यासाठी एखादे लाडके नाव शोधावेच लागेल. भेक हा शब्द मुलांना अपरिचित. पण दोन्ही मित्रांना बेडूक म्हटले तर गोष्टच उरत नाही.

मराठी मुलुखाबाहेर वाढणाऱ्या मुलांपुढे आणखी एक पायरी असते. गोव्यात अनेक मुले घरी कोकणी बोलतात आणि मराठी वाचतात. लिपी एकच असल्याने अक्षरांची अडचण नसते आणि 'चार' व 'चारा' यांतील 'च'चा उच्चारभेदही त्यांना परका नसतो. पण छापील मराठीतील क्रियापदे त्यांच्या कानावरची नसतात. इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलांना देवनागरी हिंदीमुळे येते, मात्र हा उच्चारभेद आणि 'ऱ्य' यांपाशी ती अडखळतात. बडोदे, बेळगाव, हैदराबाद येथील मुलांच्या भोवती तर निराळ्याच लिपी असतात. अशा सर्व मुलांसाठी संवादप्रधान पुस्तके विशेष उपयुक्त ठरतात, कारण ती वाचताना बोलती मराठी कानावर पडते.

मराठीत काय उपलब्ध आहे, याचा शोध घेणाऱ्यांसाठी काही वाटा आहेत. ज्योत्स्ना प्रकाशनाने आणलेली माधुरी पुरंदरे यांची पुस्तके माणसांच्या मुलांविषयी असली, तरी साध्या, जिवंत मराठीचा नमुना म्हणून ती प्रथम हाती द्यावीत. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर चार वाचनस्तरांत विभागलेल्या मराठी गोष्टी विनामूल्य मिळतात आणि त्यांत प्राण्यांच्या गोष्टी पुष्कळ आहेत. नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त मराठी बालपुस्तकेही पाहण्याजोगी आहेत. तरीही एकाच जोडीच्या अनेक गोष्टी असलेली, क्रमाने वाचत जाता येईल अशी मराठी प्राणिमाला विरळाच. ओळखीचे मित्र पुन्हा भेटणे हे या वयातील वाचनाचे मोठे आकर्षण असते, आणि मराठी लेखक-प्रकाशकांसाठी येथे मोकळी जागा आहे.

निवड आणि वाचन

पुस्तक निवडताना प्रथम पान उघडून पाहावे. मराठीत मात्रा, रफार आणि उकार ओळीच्या वर-खाली पसरतात. म्हणून अक्षर मोठे असून भागत नाही, दोन ओळींमध्ये पुरेसे अंतरही हवे. ओळ अर्थाच्या ठिकाणी तुटलेली असावी. शब्द तोडून पुढील ओळीवर नेलेला नसावा. चित्राने मजकुराला दुजोरा द्यावा, पण गंमत आधीच फोडू नये. गोष्ट एका बैठकीत संपावी.

मुलाला एक पान वाचायला सांगून अडलेल्या शब्दांसाठी एकेक बोट मोजण्याची पद्धत अनेक शाळांत वापरली जाते. पाच बोटे झाली की पुस्तक सध्या अवघड समजायचे. मराठीच्या थोड्या शब्दांच्या पानावर तीन बोटे पुरेशी मानावीत. तसे झाले तर पुस्तक परत न ठेवता मोठ्यांनी ते वाचून दाखवावे. काही महिन्यांनी मूल तेच पुस्तक स्वतः उघडते.

वाचताना चूक झाली तर लगेच टोकू नये. 'बेडकाने'ऐवजी 'बेडूकने' वाचले तरी अर्थ लागला असेल, तर वाक्य पूर्ण होऊ द्यावे. एक संवाद मुलाने, एक मोठ्यांनी, असे वाटून वाचले की श्रम निम्मे होतात. तेच पुस्तक दहाव्यांदा वाचणे ही आळसाची खूण नव्हे. प्रवाहीपणा त्यातूनच येतो. आणि मूल हसले, तर का हसलास, असे विचारून त्याची परीक्षा घेऊ नये.

लोबेल यांच्या एका गोष्टीत भेक बी पेरतो आणि लगेच त्यावर ओरडू लागतो : उगवा म्हणून. बेडूक सांगतो, तुझ्या ओरडण्याने ती घाबरली आहेत. मग भेक रात्री मेणबत्त्या लावून त्यांच्याजवळ बसतो, त्यांना गोष्ट वाचून दाखवतो, गाणी म्हणतो आणि थकून झोपी जातो. जागा होतो तेव्हा अंकुर वर आलेले असतात. ते आपल्याच कष्टांनी उगवले, असे त्याला वाटते. ऊन आणि पाऊस यांचे काम त्याच्या ध्यानात येत नाही. मुले या गोष्टीला पोटभर हसतात. शेजारी बसून ऐकणाऱ्या पालकांनी तिच्यातील भेक कोण, हे ओळखले तरी पुरे.